शेऱ्याचा रकाना

कागदाला सात रकाने होते. वेळ, प्राणी, नर, मादी, पिल्लू, एकूण आणि शेरा. पहिले सहा अरुंद. सातवा जरा रुंद, पण त्यातही चार शब्दांपलीकडे काही मावणार नव्हतं. पुठ्ठ्याच्या पॅडला चिमट्यानं लावलेला कागद आणि सुतळीनं बांधलेली पेन्सिल. पेन नाही, कारण घामाच्या हातानं शाई फुटते.

वैशाखी पौर्णिमेची दुपार होती, ताडोब्याच्या बफर क्षेत्रातलं एक फाटक होतं आणि वनरक्षक आम्हा वीस-बावीस जणांना सूचना देत होता. भडक कपडे नकोत. अत्तर नको. मचाणावर चढलं की सकाळी गाडी येईपर्यंत खाली उतरायचं नाही. बोलायचं नाही. टॉर्च लावायचा नाही. जे जनावर पाण्यावर येईल तेवढंच मोजायचं, दूर झाडीत दिसलेलं मोजायचं नाही. हा शेवटचा नियम त्यानं दोनदा सांगितला.

माझ्या मचाणावर मी, नागपूरची एक कॉलेजकन्या आणि आमची गाईड. गाईड जवळच्याच गावची, तिशीची, खाकी शर्टाच्या बाह्या कोपरापर्यंत दुमडलेल्या. ताडोब्यात आता बायका गाईड म्हणून काम करतात, जिप्सीही चालवतात. फाटकावर ती मला मॅडम म्हणाली. शिडी चढताना माझा पाय घसरला, तिनं मनगट धरून वर ओढलं आणि तिथपासून मी ताई झाले.

चार वाजले होते. चंद्रपूरच्या उन्हाबद्दल महाराष्ट्रात इतरांना सांगून समजत नाही. मे महिन्यात पारा ४५ च्या वर जाणं इथं बातमीचा विषय नसतो. हवा हलत नाही आणि हलली तर भाजते. साग पूर्ण निष्पर्ण, जमिनीवर त्याची ताटाएवढी वाळकी पानं. बांबू पिवळा पडलेला. सगळ्या जंगलात रंग म्हणावा असा एकच, पाणवठ्याच्या पलीकडे फुललेल्या बहाव्याचा. आणि खाली आमच्यापासून साठ-सत्तर पावलांवर पाणी. एखाद्या शाळेच्या वर्गाएवढं, गढूळ, कडेला चिखल वाळून भेगाळलेला. सौर पंपावर चालणारी बोअरवेल त्यात बोटभर जाडीची धार सोडत होती.

या दिवसाची निवड साधी आहे. वैशाखात नाले आटतात, नैसर्गिक पाणी थोड्याच जागी उरतं, त्यामुळे जनावरांना ठरावीक पाणवठ्यांवर यावंच लागतं. आणि पौर्णिमेला रात्रभर उजेड असतो, दिवा न लावता दिसतं. म्हणून वर्षानुवर्षं वनखातं बुद्धपौर्णिमेला पाणवठ्यांवर माणसं बसवून प्रगणना करत आलं. मोजण्याची पद्धत म्हणून तिच्यात खोट होती, हे मोजणाऱ्यांनाही ठाऊक होतं. एकच डुक्कर संध्याकाळी एकदा आणि पहाटे एकदा आलं तर कागदावर दोन डुकरं होतात. आदल्या दिवशी वळीव पडला तर रानात जागोजागी डबकी साचतात आणि पाणवठ्यावर कुणी फिरकत नाही. तेव्हा रान रिकामं झालं असं म्हणायचं का?

वाघांची गणना वेगळी चालायची, पंजाच्या ठशांवरून. ओडिशाचे वनाधिकारी सरोजराज चौधरी यांनी १९६६ मध्ये ती पद्धत रुजवली. मागच्या डाव्या पायाचा ठसा शोधायचा, त्यावर काच धरून रेघ काढायची आणि आकारावरून वाघ ओळखायचा. १९७२ मध्ये देशात १८२७ वाघ असल्याचं याच पद्धतीनं निघालं आणि पुढच्या वर्षी १ एप्रिलला व्याघ्र प्रकल्प सुरू झाला. नंतर कित्येक वर्षं कागदावर वाघ वाढत राहिले. २००५ मध्ये राजस्थानातल्या सारिस्कात एकही वाघ उरला नसल्याचं उघड झालं. चोरट्या शिकाऱ्यांनी रान रिकामं केलं होतं आणि कागद मात्र भरलेले होते. त्या धक्क्यानंतर मोजणी बदलली. झाडाला बांधलेला कॅमेरा वाघ समोरून गेला की आपोआप फोटो काढतो, आणि आपल्या बोटांच्या ठशांसारखे प्रत्येक वाघाचे पट्टे वेगळे असल्यानं तोच वाघ दोनदा धरला जात नाही. या नव्या पद्धतीनं २००६ मध्ये देशात १४११ वाघांचा अंदाज आला, महाराष्ट्रात १०३. २०२२ मध्ये तेच आकडे ३६८२ आणि ४४४ वर गेले.

म्हणजे आमच्या हातातल्या कागदावरून आता कुणी निष्कर्ष काढणार नव्हतं. खात्यानंही या रात्रीला ‘निसर्गानुभव’ असं नाव दिलं आहे. तरीही कागद देतात, आणि दिला हे फार बरं झालं. हातात कागद असला की माणूस नुसता बघत नाही, नीट बघतो.

पहिल्या दीड तासात त्यावर लिहिण्यासारखं थोडंच होतं. मधमाश्या ओल्या चिखलावर थरानं बसल्या होत्या. कोतवाल आकाशातून सूर मारायचा, पाण्याला पोट टेकवायचा आणि परत वर. टकाचोरांची जोडी फांदीवरून आमच्या डब्याकडे बघत होती. पावशा कुठूनतरी ‘पेरते व्हा, पेरते व्हा’ म्हणून गळा काढत होता, आणि त्या भट्टीत ती हाक ऐकून पोटात कालवायचं. पाच वाजता रानडुकरं आली, अकरा. थेट धारेखाली घुसली, चिखलात लोळली आणि वीस मिनिटांत निघून गेली. नागपूरच्या मुलीनं पहिली ओळ लिहिली. तिचं अक्षर सुरेख होतं.

पावणेसहाला वानर खकारलं.

वानराचा हा आवाज एकदा ऐकला की विसरत नाही. घशातून खरवडून काढलेला, खक्, खक्, मध्ये थांबा, पुन्हा खक्. गाईडनं मान वळवली नाही. नुसती दोन बोटं वर केली आणि मग पूर्वेकडे दाखवली. मला काहीच दिसेना. बांबूचं बेट, त्यात उन्हाच्या तिरप्या रेघा. त्या रेघांमधली एक हलली.

वाघीण आली ती घाईत नव्हती. उघड्यावर येऊन उभी राहिली, पाण्याकडे पाठ केली आणि मागं मागं सरकत पाण्यात उतरली. आधी मागचे पाय, मग पोट, मग खांद्यापर्यंत सगळं अंग. तोंड जंगलाकडे. “तोंडावर पानी उडलेलं नाई चालत तिला,” गाईड माझ्या कानाशी कुजबुजली, “आन् डोळे रानाकडं पाहिजे.”

माझ्या आयुष्यात मी वाघ पाहिले ते जिप्सीतून. ताडोब्याच्या डांबरी रस्त्यावर, पुढे चार गाड्या, मागे सहा, इंजिनांची घरघर आणि सगळ्यांच्या माना एकाच दिशेला. ते दर्शनही खरंच असतं, त्याला मी नावं ठेवणार नाही. पण तिथं वाघ आपल्यासमोरून जातो, क्षणभर असतो आणि नसतो. इथं ती राहायला आल्यासारखी आली होती. पाच मिनिटं झाली, पंधरा झाली, अर्धा तास झाला. पहिली पाच मिनिटं माझ्या कानात माझंच रक्त वाजत होतं. मग हळूहळू नजर तिच्यावरून सुटली आणि पाणवठ्याच्या कडेकडेनं फिरायला लागली. त्या संध्याकाळचं खरं दर्शन मला तिथं झालं.

चितळं आली होती. बांबूच्या पलीकडे, सावलीच्या रेषेवर उभी. अंगावरचे ठिपके पानांच्या कवडशांत मिसळून गेलेले, त्यामुळे मी कान मोजले. चौदा जनावरं. वाघीण कुठं आहे ते त्यांना पक्कं माहीत होतं. एखादी मादी पुढचा पाय आपटायची, शेपटी ताठ करून इशाऱ्याची हाक द्यायची आणि पुन्हा तशीच उभी. कळप पळून जात नव्हता आणि पुढेही येत नव्हता. दिवसभराच्या त्या उन्हानंतर पाणी सत्तर पावलांवर होतं आणि पाण्यात ती बसली होती. मघाची डुकरं परतली, वास लागताच जिथल्या तिथं वळून गेली. मोर दोनदा पुढे आला आणि दोनदा मागे फिरला. फक्त कोतवाल आणि मधमाश्या आपलं पीत राहिल्या.

गाईड वाघिणीकडे बघतच नव्हती म्हटलं तरी चालेल. ती वाघिणीच्या कानांकडे बघत होती. ते जिकडे वळतील तिकडे हिची नजर जायची. “ही आमच्याच शिवारातली,” ती म्हणाली. “उजव्या गालावर पाहा, दोन पट्टे जुळून वाटी झाली. तुरीत पिल्लं घेऊन होती दोन महिने.” मुलीनं विचारलं, भीती नाही वाटत? तिनं ओठांवर बोट ठेवलं. उत्तर दिलं नाही.

सूर्य सव्वासहानंतर झाडांमागे गेला. सातच्या सुमारास पूर्वेला, वाघीण जिकडून आली त्याच बाजूला, चंद्र वर आला. मोठा, मातकट पिवळा, धुळीतून गाळलेला. सात वाजून आठ मिनिटांनी वाघीण उठली, अंगावरून पाणी निथळलं, त्या शांततेत ते निथळणं मचाणापर्यंत ऐकू आलं. ती आली त्या वाटेनं गेली नाही. पाणवठ्याला वळसा घालून उत्तरेच्या पायवाटेला लागली. गाईड पहिल्यांदा अर्धवट उठून बघत राहिली, ती दिसेनाशी होईपर्यंत. मग तिनं माझ्याकडून कागद मागितला आणि शेऱ्याच्या रकान्यात स्वतः लिहिलं: ‘उत्तरेस, गावाकडे.’

चितळांचं काय करायचं यावर आमची कुजबुज झाली. नियमानं ती मोजायची नव्हती, ती पाण्यावर आलेलीच नव्हती. वाघीण गेल्यावरही अर्धा तास ती तशीच उभी राहिली आणि मग रानात विरून गेली. मी शेऱ्यात लिहिलं: ‘चितळ १४, पाणी न पिता परत.’

ताडोब्याचं नाव तारूवरून आलं असं इथले गोंड सांगतात. तारू हा गावचा प्रमुख, वाघाशी झुंजताना गेला आणि देव झाला. तलावाच्या काठी झाडाखाली त्याचं ठाणं आहे, पौषात तिथं यात्रा भरायची. या जंगलाची सुरुवातच माणूस आणि वाघ यांच्या गाठीची आहे, आणि त्या गोष्टीत माणूस मरतो, हे मला नेहमी लक्षात ठेवावंसं वाटतं. १९५५ मध्ये तलावाभोवतीचं ११६ चौरस किलोमीटर रान राष्ट्रीय उद्यान झालं, महाराष्ट्रातलं पहिलं. १९८६ मध्ये शेजारी अंधारी अभयारण्य झालं, १९९५ मध्ये दोन्ही मिळून व्याघ्र प्रकल्प. त्या प्रकल्पाच्या गाभ्यातली बोटेझरी, नवेगाव अशी गावं पुढे बाहेर हलवली गेली. गाभ्याभोवती ११०० चौरस किलोमीटरचं बफर आखलं गेलं. नकाशावर बफर हा हिरव्याभोवतीचा फिकट हिरवा पट्टा दिसतो. प्रत्यक्षात त्यात शेतं आहेत, शाळा आहेत, गोठे आहेत, मोहाची झाडं आहेत आणि आमच्या गाईडचं घर आहे.

आठनंतर चंद्राचा पिवळेपणा गेला. मे महिन्यातला पूर्ण चंद्र डोक्यावर येत नाही, दक्षिणेकडून कलत जातो, त्यामुळे अर्ध्या पाण्यावर झाडांच्या सावल्या होत्या आणि अर्धं पाणी पत्र्यासारखं लखलखत होतं. पाणवठ्यामागे एक भुत्याचं झाड होतं. दिवसा मी त्याच्याकडे लक्षही दिलं नव्हतं. रात्री त्याचं पांढरंफटक, पान नसलेलं खोड असं उजळलं की नावाबद्दल शंका उरली नाही. रातवा सुरू झाला, लाकडावर लाकूड आपटल्यासारखा, एकसुरी, थकवणारा. लांब कुठंतरी टिटवी.

नऊ चाळीसला आधी धापा ऐकू आल्या. दम लागलेल्या म्हाताऱ्या माणसासारख्या. गाईडचा हात माझ्या गुडघ्यावर घट्ट बसला. वाघिणीच्या वेळी तो बसला नव्हता.

सावलीतून सावलीचाच एक तुकडा सुटून पुढे आला. अस्वल. पाठीवर आणखी दोन गोळे. मादी अस्वल पिल्लांना पाठीवर घेऊन हिंडतं हे मी वाचलं होतं, पण वाचलेलं आणि चंद्रप्रकाशात चालत येणारं यांत अंतर असतं. पिल्लं आईच्या खांद्यावरच्या लांब केसांत बुडून बसली होती. ती पाण्याशी वाकली तशी एक घसरत मानेवर आलं, तिथून डोक्यावर, आणि धप्पकन पाण्यात पडलं. आईनं तोंड वर केलं नाही. पिल्लू चिरकलं, झटकत बाहेर आलं आणि तिच्या मागच्या पायावरून पुन्हा चढायला लागलं. निम्म्यात घसरलं. पुन्हा चढलं. ती पीतच होती. शोषून पिण्याचा तो आवाज साठ पावलांवरून स्पष्ट येत होता, एखाद्या पंपानं खालचं पाणी ओढावं तसा. मी घड्याळ बघितलं, अकरा मिनिटं ती थांबली नाही. कुठून आली असेल, किती वेळ वाट पाहिली असेल, वाघीण पाण्यात असताना या दोघांना पाठीवर घेऊन कुठल्या खडकाआड बसली असेल? नागपूरच्या मुलीच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि ती ते पुसत नव्हती, कारण हालचाल करायची नव्हती.

अस्वल गेल्यावर बऱ्याच वेळानं गाईड बोलली. “वाघ पाहून बाजूनं जाते. अस्वल पाहत नाई, ताई. डोळे अधू त्याचे. समोर आलं की तोंडावरच येते.” तिच्या गावातल्या एका माणसाला अर्धा चेहरा नाही. तिनं एवढंच सांगितलं.

मग मध्यरात्रीपर्यंत, एकेक वाक्य करून, तिचं सांगणं झालं. मार्च-एप्रिलमध्ये मोह पडतो. फुलं रात्रीतून गळतात आणि उजाडता उजाडता वेचली नाहीत तर चितळं आणि अस्वलं खातात. म्हणून तिची सासू तीन-साडेतीनला उठते. टोपली, कंदील किंवा मोबाईलचा दिवा, आणि बायका टोळीनं जातात. मोह वेचायचा म्हणजे वाकायचं. वाकलेलं माणूस वाघाला माणूस वाटत नाही, जनावर वाटतं. म्हणून एकीनं उभं राहायचं, बाकीच्यांनी वेचायचं. उभी राहणारी पाळीनं बदलते. तिनं फक्त बघायचं आणि ऐकायचं. वानर, चितळ, मोर, कुठला आवाज कुठून आला आणि मध्येच का थांबला. “आमी लहानपनापासून हेच शिकलो,” ती म्हणाली. “गाईडच्या ट्रेनिंगात सरांनी कॉल शिकवले तवा मले हसू आलं. माजी सासू बिना ट्रेनिंगची हाय ना.”

मोह संपला की मे महिन्यात तेंदूपत्ता. सत्तर पानांचा एक पुडा, पहाटे तोडायचं, घरी बसून पुडे बांधायचे, संध्याकाळी फळीवर, म्हणजे संकलन केंद्रावर, नेऊन मोजून द्यायचे. पंधरा-वीस दिवसांचा हंगाम आणि त्यावर पावसाळ्याचं बी-बियाणं अवलंबून. २०२५ च्या मे महिन्यात सिंदेवाही तालुक्यात पानं तोडायला गेलेल्या तीन बायका एकाच दिवशी वाघाच्या हल्ल्यात गेल्या. चंद्रपूर जिल्ह्यात अशी मरणं दरवर्षी होतात, एक-दोन नव्हे, डझनांनी. मोजणी करणारेही त्यातून सुटलेले नाहीत. २० नोव्हेंबर २०२१ रोजी ताडोब्याच्या गाभ्यात एक महिला वनरक्षक मजुरांना घेऊन पायी निघाली होती. देशभरच्या व्याघ्रगणनेसाठी खुणा नोंदवायचं काम होतं. वाघिणीनं तिला नेलं. ४४४ हा आकडा मी जेव्हा जेव्हा वाचते तेव्हा मला तो अभिमानाचा वाटतो, आणि त्याच्यामागे कागद हातात घेऊन चालत गेलेली ती बाईही दिसते. दोन्ही एकाच वेळी. एकाला बाजूला सारून दुसरं बघता येत नाही, मला तरी येत नाही.

बारा ते तीन या वेळात कागदावर फारसं काही नाही. एक साळिंदर, काट्यांची खुळखुळ करत. दोन वाजता भेकर भुंकलं, एकदाच, उत्तरेकडे. गाईड ताठ झाली आणि बराच वेळ तशीच बसली. मला डुलकी लागली असावी, कारण नंतर डोळे उघडले तेव्हा पाण्यात सांबर उभं होतं. पोटापर्यंत पाण्यात, शिंगांना पाणवनस्पतींची झालर, आणि त्याच्या पलीकडे काठावर चितळं. पुढचे पाय फाकवून, माना खाली घालून, एका ओळीत. मी मोजली. बारा. संध्याकाळचीच होती की दुसरी, ते कोण सांगणार. मी एकूणच्या रकान्यात १२ लिहिलं आणि शेरा मोकळा ठेवला. त्यांचं पाणी पिऊन झालं तेव्हा माझीही घशाची कोरड कमी झाल्यासारखं वाटलं.

पाचला पूर्वेकडे राखी उजेड. रानकोंबडा आरवला. चंद्र पश्चिमेला अजून होता, पण त्याची सत्ता संपली होती. मचाणाखालचे बांबू पुन्हा बांबू झाले. गाडी यायला तासभर होता. मुलगी डबे आवरत होती. मी बेरीज करत होते: डुक्कर ११, वाघ १, अस्वल ३, साळिंदर १, सांबर १, चितळ १२.

तेव्हा पायवाटेवर पानं वाजली. जनावराची नव्हेत. जनावर थांबत थांबत चालतं, ही चाल सलग होती. दक्षिणेकडून बायका येत होत्या, एकामागोमाग एक, खांद्यावर रिकामी गाठोडी, कमरेला पदर खोचलेला. सात जणी. पाणवठ्याला वळसा घालून त्यांची वाट उत्तरेला जात होती, तेंदूच्या झुडपांकडे. रात्री वाघीण गेली होती तिकडेच. भेकर भुंकलं होतं तिकडेच.

तेरा तास जिनं आम्हाला खोकू दिलं नव्हतं ती उभी राहिली, मचाणाच्या बल्लीला धरून बाहेर झुकली आणि दोन्ही फुप्फुसांनी ओरडली.

“अवो बाई! थांबा! तिकडं नका जाऊ! उत्तरंला हाय ते! उत्तरंला!”

सांबर धडधडत पळालं. टिटव्या उठल्या, मोर ओरडत उडाला, सगळ्या पाणवठ्यावर एकच कल्लोळ झाला. बायका जागच्या जागी थांबल्या. पुढच्या बाईनं कपाळावर आडवा हात धरून मचाणाकडे बघितलं.

“कोन, तू होय का?” तिनं खालून विचारलं.

“मीच होय! दिवस डोक्यावर आल्यावर जा! आता नाल्याच्या बाजूनं घ्या!”

त्यांनी आपसात काही ठरवलं. मग ओळ वळली आणि पश्चिमेच्या नाल्याकडे निघाली. जाताना त्या मोठमोठ्यानं बोलत होत्या, मुद्दाम, आणि तो आवाज बराच वेळ येत राहिला. शेवटी एक हसण्याचा तुकडा ऐकू आला आणि मग काही नाही.

मी कागदावर ५:२४ अशी वेळ टाकली होती. पुढचे रकाने बघत राहिले आणि पेन्सिल सुतळीला लोंबती सोडली. गाईड माझ्या शेजारी खाली बसली. तिचा घसा बसला होता. तिनं पाण्याची बाटली मागितली, तोंडाला लावली आणि एका दमात संपवली.